जीपमधला दिवाण

(सातपुड्यात काम करणाऱ्या कार्यकर्तीने शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला दिलेला विषय आहे ‘दुर्गम भागातील कार्यकर्तींचे प्रश्न’. विषय मोठा, वेळ वीस मिनिटं. म्हणून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे, जो आपल्या कुठल्याच अहवालात येत नाही. रात्री आपण झोपतो कुठे?

मी धडगाव-अक्कलकुवा भागात काम करते. तिथे गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं नसतात. पाडे असतात, एक या टेकडीवर, दुसरा त्या. बायांची बैठक घ्यायची तर रात्रीच. दिवसभर त्या शेतावर किंवा मजुरीला, मग पाणी, सरपण, भाकरी. साडेआठला पहिली बाई येते, अकराला बैठक संपते. त्यानंतर घाटाच्या कच्च्या रस्त्यानं परतणं होत नाही. मुक्काम आलाच.

बायांच्या घरी झोपतो, त्या प्रेमानं जागा देतात. पण घर एकच खोलीचं आणि त्यात दीर, सासरा, सगळेच. मग पुढाऱ्याच्या घरी जावं लागतं, कारण पक्की खोली त्याच्याकडे. आता सांगा, ज्याच्या घरी रात्री जेवलो-झोपलो, त्याच्या सुनेनं सकाळी मार दाखवला तर आपण कुठल्या तोंडानं त्याच्यासमोर उभ्या राहणार?

दोन वर्षांपूर्वी माझ्या सहकारी मैत्रिणीवर अशाच एका पक्क्या खोलीत प्रसंग आला. दाराला आतून कडी नव्हती. मध्यरात्री दार तीनदा ढकललं गेलं. ती दाराला पाठ लावून सकाळपर्यंत बसून राहिली. महिन्याच्या अहवालात तिनं लिहिलं, ‘मुक्काम केला.’ मला तिनं हे सांगितलं चार महिन्यांनी.

हा विषय कार्यालयात काढला तेव्हा उत्तर तयार होतं: बायांनी अंधार पडायच्या आत परत यावं. काळजीचं उत्तर आहे, नाही का? पण त्याचा अर्थ असा, की रात्रीच्या बैठका पुरुष कार्यकर्ते घेणार, आणि बायका दिवसा रजिस्टर भरणार. राजस्थानात भटेरीच्या भंवरीदेवी साथिन म्हणून बालविवाह थांबवण्याचं काम करत होत्या. त्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातूनच १९९७चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३चा कायदा आला. त्या कायद्यात कामाच्या निमित्तानं कर्मचारी जिथे जाते ती जागा आणि मालकानं दिलेलं वाहनसुद्धा कामाची जागा धरलं आहे. म्हणजे आमची खडखडणारी जीप कायद्यानं कामाची जागाच आहे. मग तिथेच अंथरूण का टाकू नये, असं आम्हाला वाटलं.

जीप जुनी, चारही चाकांना ओढ घेणारी, पाच आसनांची, मागे सामानाची मोकळी जागा असलेली. घरी आपल्याकडे दिवाण असतो, वर झोपायचं, खाली गोधड्या. तसाच जीपमध्ये करायचा. सोपं वाटलं. पहिला दिवाण आम्ही सुतारदादांवर सोडला. त्यांनी १८ मिलिमीटरच्या प्लायचा असा भरभक्कम करून दिला की चार माणसांनी उचलावा. उंचीही घरच्या दिवाणाची! खाली सामान खूप मावायचं, पण वर बसलं की डोकं छताला. मान वाकवून कपडे बदलायचे, मान वाकवूनच टिपणं लिहायची. आठवड्यात काढून टाकला. पैसे गेले, बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दुसऱ्या वेळी टेप आम्ही हातात घेतली. आधी आपलं शरीर मोजा, मग जीप. मी पाच फूट एक इंच. मांडी घालून बसले की डोक्यापर्यंत ३२ इंच. जीपच्या तळापासून छत ४६ इंच. गादीचे दोन आणि डोक्यावर मोकळे दोन सोडले, की दिवाणाला राहिले १०. मागच्या चाकांवरचे उंचवटे ९ इंच. म्हणजे फळी त्यांच्या जरा वरून गेली की पूर्ण रुंदी मिळते, दोघी झोपतात. पण सामान त्या १० इंचांतच बसवायचं. पाण्याचा २० लिटरचा कॅन उभा राहात नाही, म्हणून पाच-पाच लिटरचे चपटे घेतले. लांबी कमी पडत होती. मधल्या आसनाची पाठ पुढे दुमडते, म्हणून फळीला बिजागऱ्या लावून एक पान केलं. रात्री ते उलगडून दुमडलेल्या पाठीवर टेकवायचं, दिवसा मिटून आसन मोकळं.

प्लाय १२ मिलिमीटरचा आणि पाण्यात टिकणाराच घेतला, कारण जून ते सप्टेंबर आमचं सगळंच ओलं. खाली एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा. वेल्डरनं विचारलं, ‘ताई, यात झोपणार कोण?’ आम्ही म्हटलं, ‘आम्ही.’ त्यानं जरा वेळ पाहिलं आणि मग स्वतःहून सगळ्या कडा घासून गुळगुळीत करून दिल्या.

एक गोष्ट नीट ऐका. सांगाडा जीपला नट-बोल्टनं पक्का आवळा. अचानक ब्रेक लागला तर सुटी फळी आणि डबे पुढच्यांच्या मानेवर येतात. त्यासाठी तळाला कुठेही भोक पाडू नका. खाली डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात. आधीपासून असलेल्या बोल्टच्या जागाच वापरा. मागे बाकडी असतील आणि आर.सी. बुकात त्यांची नोंद असेल, तर ती परस्पर काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. आरटीओत आधी विचारा. आमचा दिवाण बोल्ट सोडले की बाहेर निघतो.

खणांना कडी हवीच. पहिल्याच घाटात चढावर तांदळाचा खण मागे सरकला, मागच्या दारावर आपटला आणि तांदूळ जीपभर. तेव्हापासून जड सामान पुढच्या बाजूला, हलकं मागे.

आणि मागचं दार. आमच्या जीपचं ते आतून उघडतच नव्हतं. हे आम्हाला पहिल्या रात्री आत झोपल्यावर कळलं. पक्की खोली सोडून आम्ही आतून न उघडणाऱ्या डब्यात झोपलो होतो! आता कुलपाला आतून ओढायची दोरी आहे, आणि बाजूच्या दाराकडची वाट आम्ही सामानानं अडवत नाही. काचा दोन बोटं खाली, त्यांवर मच्छरदाणीची जाळी. थंडी असो, उकाडा असो, इंजीन चालू ठेवून झोपायचं नाही, आत स्टोव्ह पेटवायचा नाही. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातं. जीप बायांच्या घरांजवळ, तोंड रस्त्याकडे करून उभी करायची, पावसाळ्यात नाल्यात कधीच नाही. जागा पाड्यातल्या बाया सांगतात, आणि त्या बरोबर सांगतात.

झाकणाची एक बादलीही खणात असते. हसू नका. मुक्कामावर जायचं म्हणून दुपारपासून पाणी न पिणाऱ्या इथे किती जणी आहेत, हात वर करा बरं. ...बघा.

ड्रायव्हरदादा शाळेच्या ओट्यावर झोपायचे. चांगले आहेत, पण चावी त्यांच्याकडे असायची. म्हणून आम्ही दोघी गाडी शिकलो. लायसन्स आलं त्या दिवशी पेढे वाटले, आणि ड्रायव्हरदादांनीच सगळ्यात जास्त खाल्ले.

खर्च १६,००० च्या आत झाला, फसलेला दिवाण धरून नाही. हिशेबनीस विचारत होते, प्रवासखर्चात दाखवू की फर्निचरमध्ये? माझी भीती वेगळी आहे. उद्या कोणी म्हणेल, ‘आता दिवाण दिला, आणखी काय पाहिजे?’ तक्रार समिती पाहिजे. प्रत्येक फिरतीवर दोघी पाहिजेत. कडी असलेली खोली पाहिजे. हे मागणं मी सोडलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत रात्री दीडच्या सुमारास काचेवर टकटक झाली. आम्ही दोघी उठून बसलो, एकमेकींचा हात धरला. बाहेर बैठकीतली एक बाई होती, काखेत वर्षाचं मूल, ओठ फुटलेला. बैठकीत ती एक शब्द बोलली नव्हती. आम्ही तिला आत घेतलं, कडी लावली. दोघींच्या जागेत तिघी आणि एक मूल, सरळ झोपणं शक्यच नव्हतं. अंधारात ती हळूहळू बोलत राहिली. उजाडल्यावर तिच्या सांगण्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यासाठी अर्ज लिहिला. कोरे कागद पलीकडच्या खणात कोरडे होते. आता ती माहेरी आहे. तारीख पडली की आमच्याच जीपनं जाते, आणि मागच्या दिवाणावर तिचं मूल झोपतं.

मापं मी फळ्यावर लिहिली आहेत, उतरवून घ्या. तुमची जीप वेगळी असेल, तुमची उंची वेगळी असेल, तेव्हा मोजूनच करा. आमची जीप बाहेर चिंचेखाली उभी आहे. जेवणाच्या सुट्टीत या, आडव्या होऊन बघा. मागचं दार जरा जोरात ओढावं लागतं.