बर्फावरची गाडी

बंगळूरसारख्या शहरात बसून बर्फावरच्या वाहनांविषयी बोलणे हे काहीसे वाळवंटात बसून होडी वल्हवण्याचे धडे देण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. आमच्या गावी पारा आजवर सर्वांत खाली उतरला तो १३ जानेवारी १८८४ रोजी, आणि तोही ७.८ अंश सेल्सिअसपर्यंतच. श्रोत्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या भाच्यामुळे. भाऊबीजेला मी बहिणीकडे जेवायला गेलो असता त्याने विचारले, "मामा, नाताळच्या सुटीत गाडी घेऊनच मनालीला जावं म्हणतो. ही लहान गाडी काढून टाकतो आणि मोठी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतो. कर्जही मिळतंय. कोणती घेऊ?" बहीण वाढता वाढता थांबली. तिची सहा वर्षांची नातही त्या गाडीत बसणार होती.

पूर्वी असा प्रश्न दक्षिणेतल्या माणसाला पडला नसता. रोहतांगची खिंड हिवाळ्यात बंद होई आणि लाहौलचे खोरे कित्येक महिने बाहेरच्या जगाला पारखे होई. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरचा हिवाळा मैदानी गाड्यांच्या टप्प्यात आला. गाड्या पोहोचल्या, बर्फावर गाडी चालवण्याची सवय काही त्यांच्याबरोबर पोहोचली नाही.

मी भाच्याला उत्तर देण्याऐवजी एक जुनी हकिगत सांगितली. वीसएक वर्षांपूर्वी, नोकरीच्या प्रशिक्षणाच्या काळात, आम्ही तिघे भाड्याच्या गाडीने शिमल्याहून कुफ्रीकडे निघालो होतो. गाडी चांगली दांडगी होती. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि मागची जागा रिकामी, त्यामुळे ज्या चाकांनी ढकलायचे तीच हलकी. देवदारांच्या सावलीत एका वळणावर रस्ता नुसता ओला दिसला. प्रत्यक्षात तो बर्फाचा काचेसारखा पापुद्रा होता. चालकाने ब्रेक दाबला. चाके थांबली, गाडी थांबली नाही. ती आडवी होऊन अगदी सावकाश दरीच्या बाजूला सरकू लागली. इतक्या सावकाशपणाची इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. रस्ता साफ करताना कडेला लोटलेल्या हिमाच्या ढिगाऱ्याने आम्हांला अडवले. आम्ही उतरून थरथरत उभे होतो, तोच एक स्थानिक गृहस्थ आपली जुनी, चिमुकली गाडी, पुढच्या चाकांना साखळ्या बांधून, खडखडत शेजारून वर घेऊन गेले. जाता जाता त्यांनी हातही हलवला.

त्या चिमुकल्या गाडीचे रहस्य साधे होते. तिच्या इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळे आणि इंजिनाचे वजनही त्याच चाकांवर पडे. शिवाय साखळ्यांचे लोखंड बर्फात रुतत होते. फोर-व्हील-ड्राइव्हची मी निंदा करीत नाही. चढावर निघताना, ताज्या भुसभुशीत हिमात रुतल्यावर, चारही चाकांनी मिळून ढकललेले बरेच. पण हा सारा गुण गाडी हलवण्याचा आहे. थांबवण्याच्या कामी तिचा उपयोग नाही, कारण ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे नऊ मीटरांत उभी राहते. गुळगुळीत बर्फावर तिला साठ मीटरही पुरत नाहीत. या हिशेबात गाडीची किंमत कोठेच येत नाही. वजनही येत नाही, कारण जड गाडीची पकड जितकी वाढते तितकाच तिला थांबवायला लागणारा जोरही वाढतो.

येतो तो टायर. आता तो बंगळूरचा आकडा आठवावा. आपल्या नेहमीच्या टायरचे रबर सुमारे सात अंशांखाली कडक होऊ लागते आणि पकड सोडते. म्हणजे आमच्या गावच्या टायरला आपला हा दोष कळण्याची संधीच कधी मिळालेली नाही! थंड देशांत हिवाळी टायर निराळे असतात. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावर हिम धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा असतात. जर्मनीत रस्त्यावर हिम वा बर्फ असताना ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. आपल्याकडे ते सहजी मिळत नाहीत, म्हणून साखळ्या.

यावर भाचा म्हणाला, "मग मामा, रणगाडाच घेतो!" त्याने थट्टा केली, पण बंगळूरच्या माणसाला या थट्टेला उत्तर आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीत भारतीय सेनेने खरोखरच रणगाडे चढवले. सेनापती होते कोडगूचे जनरल थिमय्या, ज्यांचे शिक्षण काही काळ याच शहरात झाले. सातव्या कॅव्हलरीचे ते स्टुअर्ट रणगाडे वजनाने हलक्या जातीचे होते, आणि त्यांचा भार रुंद पट्ट्यांवर पसरत असे. तरीही ते आपोआप वर गेले नाहीत. बालतालपासून वर जाणारी खेचरांची वाट आधी मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खोदून, फोडून रुंद केली. आणि हवामान बिघडले तेव्हा चढाई पुढे ढकलली गेली. त्या सॅपर्सचे मुख्य केंद्र आमच्या अलसूर तलावाच्या काठी आहे. भाचा रोज सकाळी त्याच्यासमोरून कचेरीला जातो.

थांबण्याची ही गोष्ट मी त्याला पुन्हा सांगितली, कारण जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली. बाहेर पडणारा धूर हिमाने कोंडला की तो गाडीत शिरतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. अडकल्यावर उबेसाठी इंजिन चालू ठेवावेच लागले, तर आधी उतरून धुराड्याचे तोंड मोकळे करावे आणि काच थोडी उघडी ठेवावी.

माझा सल्ला असा होता: कर्ज काढू नये. आहे ती लहान गाडी न्यावी, टायर नवे घालावेत, पुढच्या चाकांच्या मापाच्या साखळ्या आणि एक फावडे बरोबर घ्यावे. मनालीच्या पुढे रस्ता पांढरा दिसला की गाडी हॉटेलात ठेवून तिथल्या चालकाची साखळ्या बांधलेली जीप करावी. आणि हिम पडत असताना निघूच नये, मग सुटी वाया गेली तरी चालेल. बहिणीने एवढे ऐकून पुरण वाढले.

साखळ्या आल्यावर मी त्याला आणखी एक अट घातली: त्या आधी घरी बांधून पाहाव्यात, कारण गोठलेल्या बोटांनी पहिला धडा गिरवता येत नाही. एका रविवारी आम्ही इमारतीच्या तळघरात दोन तास घाम गाळला. पहिले चाक पाऊण तासात झाले, दुसरे वीस मिनिटांत. रखवालदार बराच वेळ पाहत उभा होता. शेवटी त्याने कन्नडमध्ये विचारले, "साहेब, गाडी चोरीला जाईल म्हणून बांधून ठेवताय का?"