दारातला गोसावी

गुरांना वैरण टाकून झाली असेल, भाकरी उतरल्या असतील, तर बसा जरा. आज आम्ही एका गोष्टीविषयी बोलणार आहोत.

आमच्या बचत गटाला एक सवय लागली आहे. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की अर्धा तास एकीनं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. ज्यांना अक्षरओळख नाही त्याच सगळ्यात पुढे सरकून बसतात. मागचे दोन महिने एक रहस्यकथा चालू होती. नायक पोलीस, पण नाव बदलून, वेष बदलून तस्करांच्या टोळीत शिरलेला. आणि टोळीच्या म्होरक्याच्या बहिणीवरच त्याचा जीव जडतो. प्रेम करावं तर नोकरीचं इमान बुडतं, इमान राखावं तर तिचा भाऊ तुरुंगात जातो. वाचणारी थांबली की आम्ही ओरडायचो, अगं, अजून एक पान! एकीला घरी जायला उशीर झाला म्हणून सासूची बोलणीही बसली.

शेवटच्या दिवशी टोळी पकडली गेली. त्यानं तिला आपलं खरं नाव सांगितलं. ती रडली, रागावली, आणि पुढच्याच पानावर लग्न. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एक आजी तेवढ्या गप्प. मग म्हणाल्या, "एवढे दिवस ही पोर कुणाच्या नावानं जीव टाकत होती? त्या नावाचा माणूस तर नव्हताच."

आमच्या टाळ्या तिथंच थांबल्या.

वेष बदललेल्या पुरुषाची गोष्ट आपल्याला नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आलं. त्यात अर्जुन संन्याशाचा वेष घेतो, बलरामाच्या घरी राहतो आणि सुभद्रेला मिळवतो. लोक आजही ते हसत हसत बघतात. दुसरा गोसावी पंचवटीला सीतेच्या दारात आला, तो कोण होता ते आपल्याला पोरवयापासून माहीत आहे. दोघांचा वेष तोच. सुभद्रेच्या मनातलाच नवरा त्या वेषात निघाला, म्हणून ती गंमत ठरली. आणि आत कोण आहे हे आपल्याला, बघणारांना, आधीच ठाऊक असतं. भिक्षा घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला ते ठाऊक नसतं. रहस्यकथेतली मजा सगळी इथंच आहे बघा. आपल्याला माहीत, तिला नाही.

'राझी' हा सिनेमा आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल, २०१८ सालचा. त्यात उलटं आहे. हेरगिरी करणारी बाईच आहे, आणि फसतो तो नवरा. त्याला सत्य कळतं तेव्हा आपण त्याच्यासाठी रडतो. फसलेला पुरुष असला की त्याचं दुःख दाखवायला वेळ असतो. फसलेली बाई असली की चटकन अक्षता. हे आमचं मत आहे, पटलं नाही तर भांडा.

पण असं खरंच घडलं तर काय होतं? ते घडलं आहे, इंग्लंडमध्ये.

लंडनच्या पोलिसांनी १९६८ साली एक गुप्त पथक काढलं. त्यातले पोलीस नावं बदलून आंदोलन करणाऱ्या गटांत शिरायचे आणि वर्षानुवर्षं तिथंच राहायचे. हे गट दरोडेखोरांचे नव्हते. कुणी युद्धाविरुद्ध मोर्चे काढणारे, कुणी जनावरांसाठी, कुणी पर्यावरणासाठी झटणारे. खोटी ओळख पक्की दिसावी म्हणून यातले बरेच पोलीस लहानपणी वारलेल्या मुलांची नावं आणि जन्मतारखा उचलायचे. ज्यांची लेकरं गेली त्या आईबापांना याचा पत्ताही नव्हता. आणि यातल्या कित्येकांनी त्या गटांतल्या बायकांशी संबंध जोडले, संसार केल्यासारखे राहिले.

हेलन स्टील ही त्यांतली एक. तिचा जोडीदार १९९२ साली अचानक निघून गेला, मन ठिकाणावर नाही असं पत्रातून कळवून. ती त्याच्या काळजीनं शोधत सुटली. जन्ममृत्यूच्या नोंदी चाळता चाळता तिला सापडलं, की त्याच्या नावाचा मुलगा आठव्या वर्षीच रक्ताच्या कर्करोगानं वारला होता. विचार करा, ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याच्या नावाचा मृत्यूचा दाखला हातात! खरं नाव शोधून काढायला तिला पुढे कित्येक वर्षं लागली.

दुसरीला सहा वर्षांच्या सहवासानंतर, २०१० साली, फिरायला गेलेली असताना गाडीत त्याचा पासपोर्ट सापडला. नाव वेगळंच. फोनवर त्याच्या मुलांचे निरोप. तिसरीला तर त्या माणसापासून मुलगा झाला होता. मुलगा लहान असतानाच बाप नाहीसा झाला, आणि चोवीस वर्षांनी तिनं त्याचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला, पोलीस म्हणून.

या बायका आधी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. प्रत्येकीला वाटे, आपलंच काही चुकलं. मग एकीला दुसरी सापडत गेली, आणि २०११ साली आठजणी मिळून कोर्टात गेल्या. २०१५ साली लंडनच्या पोलिसांनी त्यांतल्या सातजणींची जाहीर माफी मागितली. केट विल्सन नावाची बाई पुढेही लढत राहिली. २०२१ साली न्यायाधिकरणानं निकाल दिला, की पोलिसांनी तिच्या मानवी हक्कांचा भंग केला. पाचजणींनी मिळून पुस्तकही लिहिलं, २०२२ साली. तीच वेष बदललेल्या पोलिसाची गोष्ट, पण दारातल्या बाईनं सांगितलेली. त्यात शेवटी लग्न नाही.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा एकजण बोलती झाली. तिच्या बहिणीला रस्त्याच्या कामावर आलेल्या एका माणसानं लग्नाला विचारलं होतं. एकटाच आहे म्हणायचा. लग्न झालं, आणि वर्षानं कुठल्याशा कामाला रेशनकार्ड लागलं, तेव्हा त्याच्या गावची बायको आणि दोन मुलं कागदावर उभी राहिली. बहीण दागिन्यांबद्दल बोललीच नाही. एवढंच विचारत राहिली, "मला ज्या नावानं हाक मारायचा, त्या नावानं तिलाही मारत असेल का?" आजपर्यंत ही गोष्ट तिनं आमच्यापासून लपवली होती. लाज त्याला वाटायला हवी होती, आणि तोंड लपवून बसली ही.

म्हणून कायद्याचंही सांगून ठेवतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ६९ प्रमाणे लग्नाचं खोटं वचन देऊन, किंवा ओळख लपवून लग्न करून बाईशी शरीरसंबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर कलम ८२ आहे. वकिलाला पैसे नसले तरी अडू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला फुकट वकील मिळतो, मग तिची मिळकत कितीही असो.

आता आमच्या कादंबरीचं काय झालं ते सांगतो. आम्ही ठरवलं, शेवटचं प्रकरण आपणच नव्यानं लिहायचं, तिच्या बाजूनं. एकजण वहीत उतरवून घेते आहे. तिनं लग्न करावं की नाही यावर वाद पेटला आहे. सहाजणी म्हणतात, प्रेम खरं होतं, करावं. पाचजणी म्हणतात, नको. आजींनी अजून मत दिलेलं नाही. त्या म्हणतात, "आधी तिला त्याच्या गावी जाऊन येऊ द्या. आई भेटू दे, शेजारीपाजारी भेटू देत. मग मला विचारा."