इंजिनाचं आयुष्य

पालघर जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वाढवणहून डहाणूला किंवा बोईसरच्या कारखान्यात जायचं, तर अनेकांचा भरवसा मोटरसायकलवर. अशा गाडीचं इंजिन किती वर्षं टिकतं?

शंभर सीसीचं, नीट सांभाळलेलं इंजिन लाखभर किलोमीटर सहज चालतं. रोज चाळीस किलोमीटर धरले, तर जवळजवळ सात वर्षं! 1994 साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरचंच बघा. इंजिन 97.2 सीसीचं, पिस्टनची एका दिशेची धाव जेमतेम 49.5 मिलिमीटरची. पण इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असताना तोच पिस्टन त्या एका मिनिटात वर-खाली मिळून सुमारे अर्धा किलोमीटर घासत जातो. मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर.

बहुतेक मोटरसायकलींत हेच ऑइल क्लच आणि गिअरलाही पुरतं. म्हणून कारचं ऑइल ओतू नये, क्लच घसरू शकतो. ऑइल काळं पडलं म्हणजे लगेच बिघडलं असं नाही. पातळी मात्र तपासत राहावी आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या अंतराला ते बदलावंच.

खारा वारा सायलेन्सर, चेन आणि वायरिंगच्या जोडण्या खातो. इंजिनाच्या आतला खरा शत्रू म्हणजे धूळ. एअर फिल्टर फाटका असेल तर बारीक रेती सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते. मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल कमी होतं, चढावर दम लागतो.

तरीही इंजिन भंगारात जात नाही. मेकॅनिक सिलिंडर बोअर करून थोडा मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवतो, त्यालाच गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’चं काम म्हणतात. त्यानंतर पहिले काही शे किलोमीटर गाडी ताणू नये, नव्या रिंगा नीट बसायला तेवढा वेळ लागतो.