होडी आणि इमारत
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, बँकेचं नको, प्रवासाचं काहीतरी बोला." म्हणून आज समुद्रावर जाऊ या. साताऱ्याला बदली होती तेव्हा बामणोलीहून लाँचने वासोट्याला गेलो, तेवढाच माझा जलप्रवास. बाकी आपण सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, एवढंच विचारणारे!

स्वतःची बोट घेऊन बेटं पाहत हिंडणारे लोक टीव्हीवर दिसतात. निळं पाणी, नारळाची झाडं. त्यामागची मेहनत मात्र दिसत नाही. ती कळते नौदलातल्या कमांडर दिलीप दोंदे यांच्या सफरीवरून. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. बांधणीत दोंदे स्वतः लक्ष घालत होते. का? भर समुद्रात काही गळायला लागलं तर प्लंबरला फोन करता येत नाही!

१९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. अंतर सुमारे चाळीस हजार किलोमीटर. वाटेत मुक्काम चारच: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउन. आता बँकवाल्याचा हिशेब ऐका. नऊ महिन्यांत प्रत्यक्ष समुद्रावर १५७ दिवस. उरलेले जवळजवळ चार महिने बंदरात! तो वेळ वाया गेला नाही. होडी तपासायची, दुरुस्त करायची आणि मगच पुढे निघायचं.

पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून अशीच प्रदक्षिणा केली. घर जवळ आलेलं असताना सुकाणूत बिघाड झाला. "आता थोडंच राहिलंय" असं म्हणून त्या तशाच पुढे गेल्या नाहीत. मॉरिशसला थांबल्या, दुरुस्ती केली, मग गोवा गाठला.

मंडळी, आपली इमारतही पंचवीस वर्षांची झाली. गच्चीतून पाणी झिरपतंय, आणि वरच्या मजल्याची तक्रार खालच्या मजल्याला आपली वाटत नाही. पण होडीला भोक एका बाजूला पडलं तरी बुडते ती सगळी होडीच. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आपल्या उपविधीतच आहे. 'सिंकिंग फंड' या नावाला आपण हसतो, पण तो आहे बुडू नये म्हणून!

येत्या सर्वसाधारण सभेत दुरुस्तीच्या वर्गणीचा विषय आहे. रक्कम मोठी आहे, निवृत्तांना जड जाईल, मलाही जाईल. हप्ते पाडून घेऊ, पण विषय पुढच्या वर्षावर ढकलू नका. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन. समोर बसलेली ही मुलं असतील, आणि त्यांच्या डोक्यावर हेच छप्पर असेल.