खोलीची हवा आणि कामाचा उरक



आम्ही बँकेत कारकून. बी.ए. होऊन नोकरीला लागलो तेव्हा वाटे, उरक हा ज्याच्या त्याच्या मेहनतीचा प्रश्न. इतकी वर्षे काउंटरवर काढल्यावर ते मत राहिले नाही.

एका शाखेत एसीचा झोत नेमका एका भगिनींच्या टेबलावर येई. अंगावर शाल, बोटे गारठलेली, बेरजा दोनदा तपासाव्या लागत. शेजारचे कॅशियर अंगाने भरलेले. ते घाम पुशीत एसी आणखी वाढवीत. बाईंच्या बढतीच्या वेळी ‘काम संथ’ असा शेरा गेला. आम्हीही तेव्हा हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे टेबल खिडकीजवळ सरकवले आणि चुका थांबल्या. शेरा मात्र राहिला.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फँगर यांनी १९७० साली दाखवून दिले, की खोलीत बरे वाटणे सहा गोष्टींवर ठरते: हवेचे तापमान, दमटपणा, वारा, भिंती-छपरातून येणारी उष्णता, अंगावरचे कपडे आणि शरीराचे श्रम. म्हणजे एसीवरचा आकडा सहांतला एकच! त्यातही शरीराचा हिशेब कोणाचा? नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये निदर्शनास आणले, की कचेऱ्यांच्या तापमानाच्या प्रमाणकांत चाळिशीचा, ७० किलो वजनाचा पुरुष धरलेला आहे. बाईंचा त्यात हिशेबच नव्हता.

२०१९ साली बर्लिनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना १६ ते ३३ अंशांच्या खोल्यांत बसवून गणिते व शब्दांची कोडी दिली होती. ऊब वाढली तशी मुलींची कामगिरी सुधारली. मुलांची घसरली, पण त्या मानाने थोडी. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसीचे मूळ तापमान २४ अंश ठरवले गेले. वीज वाचते हे खरेच, पण झोताखाली बसणाऱ्याला २४ सुद्धा गारच लागते. टेबल हलवायला पैसे पडत नाहीत, हे आमचे अनुभवाचे बोल.

आता आपल्या अभ्यासिकेकडे वळू. तेथे एसीचा प्रश्नच नाही, तेथे छपराचा आहे. वर पत्रा. पंखा फिरतो, वारा येतो, पण पत्र्याची धग डोक्यावर तशीच उतरते. दुपारी पेंगणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. बाईंच्या बाबतीत आम्ही तेच केले होते. पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तर ऊन बरेचसे परतते आणि पत्रा कमी तापतो. मार्चच्या परीक्षांपूर्वी हे काम व्हावे. शिडी आम्ही आणतो. ज्यांना रविवारी सकाळी यायला जमेल त्यांनी चिटणिसांकडे नावे द्यावीत.