जुन्या पिस्तुलाची ओळख आधी, दुरुस्ती नंतर

(वडिलोपार्जित शस्त्रे बाळगणाऱ्या परवानाधारक नागरिकांपुढे केलेले भाषण)



महाराष्ट्रातील अनेक जुन्या घराण्यांत वडिलोपार्जित शस्त्रे आजही श्रद्धेने जपलेली आढळतात. तलवारी, कट्यारी यांच्या जोडीला क्वचित एखादे जुने पिस्तूलही असते. नवी पिढी घराचा कारभार हाती घेते, तेव्हा त्यावरील गंज व झिजलेली मूठ पाहून ते ‘नीट करून घ्यावे’ असे तिला साहजिकच वाटते. कोणी निकेलचा मुलामा देऊ इच्छितो, कोणी मूठ बदलू इच्छितो, तर कोणी बाजारात मिळणारे काडतूस बसावे म्हणून नळीच बदलावी असे म्हणतो. हेतू वाईट नसतो. परंतु हातातील वस्तू कोणती आहे हे कळण्यापूर्वीच तिच्यावर कानस चालली, तर जे नष्ट होते ते कोणत्याही कारागिराला पुन्हा घडविता येत नाही. आज आपल्यापुढे मला एवढेच मांडावयाचे आहे.

याचे एक बोलके उदाहरण आपल्या स्वातंत्र्यलढ्यातील आहे. दिनांक १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या वेळी भगतसिंगांच्या समवेत आपल्या पुणे जिल्ह्यातील खेडचे सुपुत्र शिवराम हरी राजगुरू होते. भगतसिंगांचे पिस्तूल अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे, पॉइंट ३२ बोअरचे होते. लाहोरहून ते फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेले आणि तेथून इंदूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-प्रशिक्षण संस्थेत आले. संस्थेच्या संग्रहालयात इतर शस्त्रांच्या रांगेत ते कित्येक वर्षे होते. पण ते कोणाचे, हे पाहणाऱ्यांस ठाऊक नव्हते. गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग दिलेला होता. २०१६ मध्ये शोध सुरू झाल्यावर हा रंग काढण्यात आला, तेव्हा खाली १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि तो खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला. पुढे हे पिस्तूल सन्मानाने पंजाबात नेण्यात आले.

या घटनेतील बोध लक्षात घेण्यासारखा आहे. याच घडणीची पिस्तुले कोल्ट कंपनीने लाखोंच्या संख्येने तयार केली होती. त्यांतून हे एक वेगळे काढले ते केवळ सहा अंकांनी. रंग खरवडून काढता आला, हे आपले भाग्य. त्याऐवजी कोणी पृष्ठभाग घासून त्यावर मुलामा दिला असता, तर कागद एकीकडे आणि पिस्तूल दुसरीकडे राहिले असते. त्या दोहोंना जोडणारा दुवा कायमचा तुटला असता.

क्रमांकाचे असेच महत्त्व माउझर पिस्तुलांच्या बाबतीतही दिसून येते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रॉडा कंपनीकडे आलेल्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. पिस्तुलांच्या क्रमांकांची नोंद कंपनीपाशी होती. त्यामुळे पुढे हाती लागलेले पिस्तूल त्या मालातील आहे किंवा नाही, हे ठरविता येत असे. या पिस्तुलाची लाकडी पेटी मुठीला जोडली की ते बंदुकीसारखे खांद्याला लावता येई. अशी पेटी घरात असेल, तर तिला निरुपयोगी डबा समजून टाकून देऊ नये. तो त्या शस्त्राचाच भाग होय.

ओळख पटविण्याचा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही, तो जीविताचाही आहे. माउझरचे मूळ काडतूस ७.६३ मिलिमीटरचे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन सैन्याने हेच पिस्तूल ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी मागविले. दोन्ही दिसावयास सारखी. म्हणून घोटाळा होऊ नये यासाठी नव्या पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर ९ हा आकडा कोरून त्यात लाल रंग भरण्यात आला. आता कोणी ती जुनी मूठ काढून नवी, देखणी मूठ बसविली तर काय होईल? सावधगिरीची खूणच नाहीशी होईल आणि भलते काडतूस घातले जाण्याचा धोका उत्पन्न होईल.

वेब्ली रिव्हॉल्व्हरची कथाही अशीच आहे. ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारलेले पॉइंट ४५५ बोअरचे हे शस्त्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकले गेले. तेथे सहज मिळणारे पॉइंट ४५ चे काडतूस बसावे म्हणून अनेकांच्या फिरत्या चक्राची मागील बाजू तासण्यात आली. परंतु त्या काडतुसाचा दाब मूळ शस्त्राच्या चाचणीच्या दाबाहून अधिक असतो. परिणामी शस्त्र धोकादायक झाले आणि संग्राहकांच्या लेखी त्याचे मोलही उतरले.

तेव्हा करावे काय? प्रथम, प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजून वागावे. ठासणीच्या पिस्तुलात जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून ते उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे. घासकाम न करता सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नळी, घोडा, मूठ यांवरील अक्षरे, अंक, मुकुट व इतर शिक्के जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. घोड्याजवळील पट्टीवर मुकुट धरलेला सिंह किंवा हृदयाच्या आकारात अक्षरे असतील, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची खूण असू शकते. मात्र अशा खुणांच्या नकलाही झालेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात चकमकीची अनेक शस्त्रे बदलून टोपीच्या बाराची करण्यात आली. तो जुना बदल हाही इतिहासच. तो ‘मूळ रूपात’ आणण्याचा आग्रह धरू नये. घरातील जुने परवाने, पत्रे, पावत्या शस्त्रासोबतच जपाव्यात. त्यानंतर वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

कायद्याची बाजूही ध्यानी असावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राची दुरुस्ती वा त्यात बदल करण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घेतले पाहिजे. परवान्यावाचून नळी आखूड करणे किंवा शस्त्राचा प्रकार बदलणे आणि त्यावरील क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, हे गुन्हे होत. वारसाने आलेल्या शस्त्राचा परवाना नसेल, तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. शंभर वर्षांहून जुने शस्त्र १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमाखाली येऊ शकते आणि असा पुरावशेष नागरिकांस परदेशी पाठविता येत नाही.

दुरुस्ती कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. गंज वाढू न देणे, कोरड्या जागी ठेवणे हे आवश्यकच आहे. शस्त्र सामान्य आहे असे तज्ज्ञांनी सांगितले, तर कायद्याच्या चौकटीत पुढचा विचार खुशाल करावा. परंतु क्रम चुकू नये. ओळखण्यासाठी घेतलेले चार महिने वाया जात नाहीत; शिकलगाराच्या चाकावर घालविलेली चार मिनिटे मात्र परत येत नाहीत. आपल्या पूर्वजांनी राखलेला हा ठेवा आपण ओळखून राखावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.