निर्णय मंत्रालयात, परिणाम मोहल्ल्यात

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



दोस्तांनो, मी एका नगरपरिषदेत 31 वर्षं नोकरी केली. आधी आवक-जावक, मग कर विभाग आणि शेवटची काही वर्षं सभा विभाग. मी पुढारी नाही, वक्ता तर नाहीच. पण कागद कुठून येतो, कुठे अडतो आणि कुणाच्या सहीने सुटतो, हे मी पाहिलेलं आहे. आज तेवढंच सांगणार आहे.

मोहल्ल्यात गटार तुंबलं की आपण नगरसेवकाला शिव्या घालतो. कधी कधी त्याला त्या लागूही पडतात. पण नगरपरिषदेचा कणा ज्या गोष्टींवर उभा असतो, त्यांतल्या मोठ्या गोष्टी नगरपरिषद स्वतः ठरवतच नाही. प्रभाग केवढा असावा, नगराध्यक्ष कसा निवडावा, कोणता कर घ्यावा आणि कोणता सोडावा, हे सगळं राज्याच्या कायद्याने ठरतं. निवडणूक घेणं हे राज्य निवडणूक आयोगाचं काम, पण तिच्या वाटेत उभे राहणारे कायदेही राज्यच करतं. हे समजून घेतलं नाही तर आपण कायम चुकीच्या दारावर थाप मारत राहू.

1992 साली संसदेने 74वी घटनादुरुस्ती केली, ती 1 जून 1993 पासून लागू झाली. त्याच वर्षी मी नोकरीला लागले. या दुरुस्तीने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, शहराच्या संस्थेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. दोन, पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा असे 18 विषय बाराव्या अनुसूचीत लिहिले गेले, जे राज्यांनी या संस्थांकडे सोपवावेत अशी अपेक्षा आहे. पहिली गोष्ट बंधनकारक आहे. दुसरी राज्याच्या इच्छेवर सोडलेली आहे. आता बंधनकारक गोष्टीचंच महाराष्ट्रात काय झालं ते बघू.

आमच्या परिषदेची मुदत 2021च्या शेवटी संपली. मुंबई महापालिकेची 7 मार्च 2022 रोजी संपली. मालेगाव आणि भिवंडीत 2017च्या मे महिन्यात मतदान झालं होतं, त्यांची 2022च्या मध्यावर संपली. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, तर 2020च्या एप्रिलमध्येच संपली होती. नगरपरिषदांचं मतदान झालं डिसेंबर 2025 मध्ये आणि महापालिकांचं 15 जानेवारी 2026 रोजी. हिशोब करा. औरंगाबादमध्ये त्याआधीचं मतदान एप्रिल 2015 मध्ये झालं होतं. तेव्हा काही महिन्यांनी वय कमी पडलेल्या मुलाने महापालिकेसाठी पहिलं मत दिलं, तेव्हा तो 28 वर्षांचा झालेला होता. शिक्षण, नोकरी, निकाह सगळं होऊन गेलं आणि मग पहिलं मत.

हे का झालं? सुरुवात कोरोनाने झाली, हे खरं. पण पुढची वर्षं कोरोनाने नाही घेतली. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरती माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर नेऊ नका. राज्याकडे ती माहिती तयार नव्हती. त्यातच 2022च्या मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार राज्याकडे घेतले. मग सरकार बदललं आणि आधीची प्रभागरचना रद्द झाली. पुन्हा न्यायालय, पुन्हा तारखा. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, नंतर ती मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून दिली. सत्तेत कधी हे पक्ष होते, कधी ते. त्यामुळे मी कुणा एका पक्षाकडे बोट दाखवत नाही.

आरक्षणाचा हा वाद आपला नाही असं समजू नका. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. मोहल्ल्यातला गरीब, कारागीर माणूस सभागृहात पोहोचला तो पुष्कळदा याच 27 टक्क्यांच्या वाटेने. बांठिया आयोगाने 2022 मध्ये माहिती गोळा केली, तेव्हा आडनावावरून जात ठरवण्याच्या पद्धतीवर खूप टीका झाली. आता तुम्हीच सांगा, शेख किंवा पठाण या आडनावावरून बिरादरी कशी कळणार? पिंजाऱ्याचं आडनावही शेख असू शकतं. 2025च्या आदेशात न्यायालयाने बांठिया अहवालाच्या आधीची स्थिती धरून निवडणुका घ्यायला सांगितलं, म्हणून यावेळी जागा राहिल्या. प्रश्न मिटलेला नाही. जिथे आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेलं, तिथले निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले गेले. म्हणून एक काम आत्ताच लिहून घ्या. येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याचं केंद्र सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या माणसांनी काय सांगायचं, याची चर्चा आधी घरात करा.

सभागृह रिकामं होतं, त्या काळाबद्दल बोलते. लोक म्हणतात, बरं झालं, नगरसेवकांची भांडणं तरी थांबली. भांडणं थांबली, हे मान्य. पण एरवी कागद कसा चालतो? मुख्याधिकारी प्रस्ताव मांडतात, समिती तपासते, सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारतं, "हा रस्ता दोन वर्षांपूर्वीच झाला होता, पुन्हा कशाला?" मग ठराव होतो. प्रशासक आले की सभेचे सगळे अधिकार एका माणसाकडे जातात. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. सभा विभागात आम्ही ठरावाची वही तशीच चालवत होतो, फक्त "सूचक" आणि "अनुमोदक" लिहायची वेळ येत नव्हती. मी पाहिलेले अधिकारी वाईट नव्हते. काही तर फार कष्टाळू होते. पण ते बदलीवर आलेले. कब्रस्तानकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात कुठे खचतो, हे त्यांना कुणी सांगितलं तरच कळणार. आणि सांगायला सभागृहात कुणी नव्हतं. लोक आमच्या टेबलाशी येऊन विचारायचे, "मॅडम, आता कुणाला भेटायचं?" माझ्याकडे एकच उत्तर होतं, अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या.

दुसरा मुद्दा प्रभागाचा. मुंबई सोडली तर 2017 साली महापालिकांत साधारण चार सदस्यांचे प्रभाग होते. पुढच्या सरकारने एक सदस्याचा प्रभाग आणला, मग 2021 मध्ये तीन सदस्यांचा केला, आणि 2022 मध्ये नव्या सरकारने पुन्हा चारचा. मुंबईत प्रभाग 227 होते, ते 236 झाले, पुन्हा 227 झाले. छोट्या प्रभागात एक मोहल्ला आपला माणूस निवडून देऊ शकतो आणि काम झालं नाही तर त्याची कॉलर धरू शकतो. मोठ्या प्रभागात चार जण एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि निवडणुकीचा खर्च इतका वाढतो की शिकवणी घेणारा तरुण उभाच राहू शकत नाही. दुसरी बाजूही सांगते. मोठ्या प्रभागात उमेदवाराला शेजारच्या वस्तीत जावं लागतं, सगळ्यांची मतं मागावी लागतात, आणि तेही आपल्या समाजाच्या हिताचं आहे. त्यामुळे कोणती पद्धत बरी, यावर वाद होऊ शकतो. पण दर सरकारागणिक ती बदलणं कुणाच्याच हिताचं नाही.

नगराध्यक्षाचंही तेच. 2001 साली थेट लोकांतून, 2006 मध्ये सदस्यांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये सदस्यांतून, 2022 मध्ये परत थेट. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की विषय तहकूब होत राहतात. नळाला मात्र पाणी रोज लागतं.

तिसरा मुद्दा पैशाचा. 1999 साली नगरपरिषदांची जकात बंद झाली. नाक्यावर रांगा लागायच्या, खाबूगिरी व्हायची, तेव्हा ती गेली याचं कुणाला दुःख झालं नाही. पण त्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान सुरू झालं. म्हणजे काल जी परिषद स्वतः कमवत होती, ती आज हप्त्याची वाट बघते. अनुदान लांबलं की सफाई कामगारांचे पगार लांबायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. महापालिकांत आधी जकातीच्या जागी एलबीटी आला, तो 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. आता नुकसानभरपाई राज्य देतं. हाती उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. त्यातही 2022 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राज्याने मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सूट दिली. छोट्या घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला, हे चांगलंच आहे. पण सवलत जाहीर करतं राज्य आणि उत्पन्न घटतं महापालिकेचं, ही रीत लक्षात ठेवा.

मी सगळंच काळं रंगवत नाही. 2011 मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत महिलांचं आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं. सुरुवातीला सभेत बाईच्या मागे तिचा नवरा येऊन बसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच बायका माझ्याकडे येऊन मागच्या सभेचं इतिवृत्त मागू लागल्या. त्यांत बुरख्यातल्या होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्याही होत्या. राज्याचा एक निर्णय खालचं चित्र किती बदलू शकतो, याचा हा चांगला दाखला आहे.

आता सभागृहं भरली आहेत. म्हणून तुमच्यासाठी चार कामं. प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा आणि प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होते, तेव्हा हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत लेखी हरकत द्या, व्हॉट्सॲपवर संताप नको. दुसरं, आपल्या शहराचा अर्थसंकल्प मागवा आणि त्यात आपल्या वस्तीचं नाव शोधा. मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तिसरं, सर्वसाधारण सभा बघायला जा. दहा तरुण शांतपणे मागे बसून टिपणं घेताहेत, एवढ्यानेही सभागृहाची भाषा सुधारते. चौथं, काम अडलं तर ते नेमकं कुठे अडलं ते विचारा. ठरावच झाला नाही, की ठराव झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 308 खाली तो थांबवला, की मंजुरी मंत्रालयात पडून आहे? उत्तर लेखी घ्या. पहिलं असेल तर नगरसेवकाला धरा. तिसरं असेल तर आमदाराला धरा, कारण विधानसभेत तो बसतो.

आपल्या वस्त्यांत आमदारकी-खासदारकीवर रात्र-रात्र चर्चा चालते. तेवढीच चर्चा पुढच्या अर्थसंकल्पाआधी पाण्याच्या पाइपलाइनवर करा. तुमच्या शहरात काय अडलंय ते आता मला सांगा, आपण एकेक फाइल घेऊन बसू.